संरचित नोंदींची मांडणी आणि पाठाची शुद्धता : लोहारा परिसरातील बोलीच्या निमित्ताने

बोलीच्या अभ्यासात शब्दसंकलन हे पहिले काम मानले जाते, आणि बहुधा सर्वांत सोपेही. वही घेऊन गावोगाव हिंडावे, शब्द उतरवावेत, ते टंकलिखित करून प्रबंधाच्या अखेरीस परिशिष्ट म्हणून जोडावेत, ही रीत विद्यापीठांतून दीर्घकाळ रूढ आहे. परिशिष्टात गेलेला शब्द मात्र तेथेच अडकून पडतो. पुढच्या अभ्यासकाला तो पुन्हा हाताने उतरवून घ्यावा लागतो, आणि प्रत्येक उतरवणीत पाठ थोडा बदलतो. संगणक आल्याने ही अडचण दूर होईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात अनेक संग्रह १९९० च्या दशकातील अ-युनिकोड टंकांत अडकले. त्या धारिणींत पडद्यावर देवनागरी दिसत असली तरी आत रोमन अक्षरांचे संकेत साठविलेले असतात. विशिष्ट टंक नसेल तर त्या वाचताच येत नाहीत. युनिकोडमुळे हा प्रश्न बराच सुटला. त्यानंतर जो प्रश्न उभा राहतो तो नोंदींच्या संरचनेचा आहे. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा एका अगदी लहान बाजूने विचार केला आहे : मजकूर-संपादकाला जोडलेली एक छोटी आज्ञावली संरचित नोंदींची मांडणी कशी करते, आणि ती करताना मराठी पाठाचे काय होऊ शकते.

मजकूर-संपादक म्हणजे टेक्स्ट एडिटर. शब्दसंस्कारक आणि मजकूर-संपादक यांतील भेद साहित्याच्या अभ्यासकांत अजूनही पुरेसा रुळलेला नाही. शब्दसंस्कारक पानाचे रूप सांभाळतो, म्हणजे टंक, ठळकपणा, समास. मजकूर-संपादक केवळ अक्षरे सांभाळतो. धारिणीत जे आहे तेच दाखवतो आणि जे टंकले तेच ठेवतो. पाठचिकित्सेशी परिचित असलेल्या वाचकाला या दुसऱ्या वृत्तीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

संरचनेची गरज मात्र संगणकामुळे निर्माण झालेली नाही. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, सुधारित आवृत्ती १८५७) किंवा दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त व्याकरण, प्रदेश, अर्थ, उदाहरण व व्युत्पत्ती ही अंगे टंकभेद, कंस आणि संक्षेप यांच्या साहाय्याने वेगळी केलेली आहेत. वाचकाचा डोळा ती खूण ओळखतो. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या प्रकल्पाने हे कोश संगणकावर शोधण्याजोगे केले, ते छापील पानातील या संरचनेच्या आधारानेच. लोकसाहित्यात याचे लक्षणीय उदाहरण म्हणजे गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी उभा केलेला जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह. लाखाहून अधिक ओव्यांच्या या संग्रहाचे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्नार्ड बेल यांच्या सहकार्याने ध्वनिमुद्रण व संगणकीय संकलन झाले, आणि २०१७ पासून तो ‘पारी’च्या माध्यमातून प्रकाशात येत आहे. ओवी, गाणारी स्त्री, तिचे गाव आणि विषय ही अंगे स्वतंत्र राखली गेली, म्हणूनच एका गावाच्या किंवा एका विषयाच्या ओव्या त्यातून वेगळ्या काढता येतात. हा संग्रह सलग गद्यात उतरविला असता तर त्याचे मोल भावनिक राहिले असते, अभ्यासाचे साधन तो झाला नसता.

आता लोहाऱ्याकडे वळू. हा तालुका धाराशिव जिल्ह्याच्या पूर्व भागात येतो. कर्नाटकाची सीमा जवळ आहे आणि १९४८ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता; त्यामुळे येथील मराठीला कानडीचा शेजार आणि दखनी-उर्दूचा सहवास लाभला. मराठवाड्याच्या या आग्नेय पट्ट्यात ‘करायलाव’, ‘करूलालाव’ अशी चालू काळाची रूपे ऐकू येतात. प्रमाण मराठीत त्यांना प्रतिरूप नाही. घाटगे यांनी १९६० च्या दशकापासून सिद्ध केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणमालेत कुडाळी, कुणबी, वारली यांवर स्वतंत्र ग्रंथ आहेत. त्यांचा भर कोकण व किनारपट्टीवर आहे. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसह केलेल्या अलीकडच्या सर्वेक्षणाने साऱ्या महाराष्ट्राचा पट घेतला. तरीही एखाद्या तालुक्याचा सूक्ष्म शब्दसंग्रह हे स्थानिक महाविद्यालयातील अध्यापक व विद्यार्थी यांनीच करावयाचे काम आहे. दूरच्या संस्थेकडून त्याची अपेक्षा करणे रास्त नाही.

या कामाला या भूमीत आणखी एक निकड आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे ८ हजार माणसे दगावली. दगडी भिंतींची, मातीच्या जड छपरांची घरे कोसळली. ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. लोहारा परिसरातील सास्तूरलाही त्याची झळ फार मोठी बसली. नव्या वसाहतींत घराचा आराखडा बदलला, आणि त्याबरोबर माळवद, बळद, ढाळज असे शब्द वापरण्याचे प्रसंगही उणावले. ज्यांनी बळदात ज्वारी साठविलेली पाहिली त्यांचे वय आज उतरते आहे. शब्दाची नोंद करताना कोणी, कोठे, केव्हा सांगितला हे सोबत न ठेवल्यास पुढे विचारावयास कोणी उरणार नाही.

अशा नोंदीसाठी सध्या जेसन ही लेखनपद्धती सर्वाधिक सोयीची ठरली आहे. तीत प्रत्येक अंगाला नाव असते, नावापुढे मूल्य असते, नोंद महिरपी कंसांत बसते. नावे देवनागरीत लिहिण्यास कोणतीही आडकाठी नाही. वेळ अमावस्येची एक नोंद उदाहरणादाखल घेऊ. मार्गशीर्ष अमावस्येला शेतात कडब्याची कोप करून, अंबील-भज्जीचे जेवण करून साजरा होणारा हा सण लातूर-धाराशिव भागाची खास ओळख आहे; बोलीत त्याला ‘येळवस’ म्हणतात. शब्दाचे मूळ कानडी मानले जाते, पण कोणी ते ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ या शब्दाशी जोडतात, तर कोणी ‘एळु’ म्हणजे सात या संख्येशी. विद्यार्थ्याने घाईने टंकलेली नोंद बहुधा अशी दिसेल :

{"शब्द":"येळवस","पर्याय":["येळ अमावस्या","वेळ अमावस्या"],"व्युत्पत्ती":"कानडी एळ्ळु, तीळ","व्युत्पत्ती":"कानडी एळु, सात"}

एका नोंदीत हे वाचता येते. अशा हजार नोंदी सलग आल्या की एखादा स्वल्पविराम किंवा अवतरणचिन्ह कोठे राहिले ते डोळ्याला सापडत नाही, आणि एका चिन्हाच्या अभावी सारी धारिणी वाचनयंत्रणेकडून नाकारली जाते. म्हणून नोंदी ओळीओळीने, समास सोडून मांडाव्या लागतात. हे हाताने करणे म्हणजे श्रमाचा अपव्यय होय. येथेच आज्ञावलीचा प्रवेश होतो. (इंग्रजीत तिला ‘स्क्रिप्ट’ म्हणतात आणि लिपीलाही तोच शब्द आहे; देवनागरीच्या अभ्यासकाला हा योगायोग अर्थपूर्ण वाटावा.)

जोडणीमागील कल्पना जुनी आहे. १९७० च्या दशकात युनिक्स प्रणालीत गाळणीची पद्धत रूढ झाली : एका बाजूने मजकूर आत घ्यावा, त्यावर एकच संस्कार करावा, दुसऱ्या बाजूने बाहेर द्यावा. मजकूर-संपादक निवडलेला भाग अशा गाळणीकडे धाडतो आणि जे बाहेर येईल ते त्याच जागी बसवितो. व्हिम या संपादकात उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या आज्ञेने हे साधते. ईमॅक्समध्ये निवडलेल्या भागावर बाहेरची आज्ञा चालविण्याची सोय आहे. केट या संपादकात ‘बाह्य साधने’ या विभागात आणि जीनीत स्वतःच्या आज्ञा नोंदविण्याच्या चौकटीत आज्ञावलीचे नाव एकदा लिहिले की ती यादीत कायमची येते. नोटपॅड प्लस प्लसमध्ये पायथनसाठी वेगळी पुरवणी बसवावी लागते. प्रत्येकाची वाट वेगळी असली तरी करार एकच असतो, तो म्हणजे मजकूर आत, मजकूर बाहेर, आणि काही चुकल्यास संदेश तिसऱ्या वाटेने. ही तिसरी वाट महत्त्वाची. काही संपादकांत ती नीट वेगळी केली नाही तर चुकीचा संदेशच नोंदींच्या जागी येऊन बसतो, आणि तो तसाच जतन केला गेला तर नोंदी गेल्या. अशा वेळी ‘मागे घ्या’ ही आज्ञा तात्काळ द्यावी लागते.

पायथन भाषेत असे काम करणारे साधन तयारच मिळते, आणि नवखा अभ्यासक साहजिकच ते जोडतो. पहिल्याच प्रयोगात त्याला धक्का बसतो. समास सुरेख पडलेले असतात. मात्र देवनागरी नाहीशी झालेली असते. त्या जागी प्रत्येक चिन्हामागे एक उलटी तिरपी रेघ, एक रोमन अक्षर आणि चार स्थानांचा संकेत अशी सहा चिन्हांची रांग दिसते. ‘येळवस’ या शब्दात युनिकोडची ५ चिन्हे आहेत. संकेतरूपात ती ३० होतात. तत्त्वतः काहीच हरवलेले नसते, संगणक तो शब्द पूर्ववत वाचतो. परंतु माणसाला तो वाचता येत नाही. महानुभावांच्या सकळ लिपीत लिहिलेल्या पोथीसारखाच हा प्रकार : पाठ अखंड, वाचक बाहेर. या साधनाचा जन्म ज्या काळी झाला तेव्हा इंग्रजीबाहेरील लिपी हा अपवाद समजला जाई, आणि तो समज मूलभूत मांडणीत गोठून राहिला. देवनागरी तशीच ठेवण्याचा पर्याय या साधनाच्या आज्ञेत आला तो पायथनच्या ३.९ या आवृत्तीत, म्हणजे २०२० साली. आणि आजही तो मागावा लागतो, आपोआप मिळत नाही.

हा दोष निदान डोळ्यांना दिसतो. त्याहून गंभीर आहे तो न दिसणारा दोष. वरील नोंद योग्य पर्याय देऊन त्याच साधनातून काढली असता ती अशी येते :

{
  "शब्द": "येळवस",
  "पर्याय": [
    "येळ अमावस्या",
    "वेळ अमावस्या"
  ],
  "व्युत्पत्ती": "कानडी एळु, सात"
}

मांडणी निर्दोष आहे. फक्त ‘एळ्ळु, तीळ’ हे मत नाहीसे झाले आहे. एकाच नोंदीत एकच नाव दोनदा आल्यास काय करावे याविषयी जेसनचा दंडक संदिग्ध आहे. नावे वेगळी असावीत एवढाच त्याचा आग्रह आहे. पायथन अशा प्रसंगी शेवटचे मूल्य ठेवतो आणि आधीचे टाकतो, तेही कोणतीही सूचना न देता. म्हणजे ज्या प्रश्नावर जाणकारांत मतभेद आहे त्याचा निवाडा समास पाडणाऱ्या एका उपकरणाने करून टाकला, आणि निकष कोणता, तर कोणते मत नंतर टंकले गेले! पोथीतील लिपिकार निदान ओळ गाळताना थकलेला असे; त्याच्या गळतीला पाठचिकित्सेने नावे दिली, नियम शोधले. येथे गळती शिस्तीने होते आणि मागे खूण उरत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो अवघड नाही. तयार साधनावर विसंबण्याऐवजी स्वतःची तीस-चाळीस ओळींची आज्ञावली लिहावी. तिने प्रथम मजकूर यूटीएफ-८ संकेतनात आहे असे धरून वाचावा; विंडोजवर हे स्पष्ट सांगावे लागते, अन्यथा काही व्यवस्थांत देवनागरीची मोडतोड आत येतानाच होते. मग नोंद उलगडताना प्रत्येक नाव पूर्वी आले आहे काय हे तपासावे. आले असल्यास काहीही न बदलता थांबावे आणि कोणते नाव दोनदा आले ते तिसऱ्या वाटेने कळवावे. त्यानंतर समास पाडून मजकूर तयार करावा, पण तो लगेच बाहेर देऊ नये. स्वतःच तयार केलेला मजकूर पुन्हा वाचावा आणि मूळ नोंदीशी ताडून पाहावा. दोन्ही तंतोतंत एक असतील तरच तो संपादकाकडे सोपवावा. ही शेवटची पायरी अनेकजण वगळतात. वस्तुतः ती पाठमेलनाची पायरी आहे आणि तिच्यावाचून मांडणीची आज्ञावली विश्वासार्ह म्हणता येणार नाही. दोन व्युत्पत्ती ठेवावयाच्या असतील तर ‘पर्याय’प्रमाणे ‘व्युत्पत्ती’ही यादीच्या रूपात लिहावी, हा संकलकाने शिकावयाचा धडा.

आज्ञावलीने काय करू नये याचा विचार मराठीच्या बाबतीत अधिक नेटाने व्हावयास हवा. अंगांची नावे वर्णानुक्रमे लावण्याचा पर्याय बहुतेक साधनांत असतो. तो निवडला तर ‘अर्थ’ वर जातो आणि ‘शब्द’ तळाशी. शब्दाआधी अर्थ सांगणारा कोश हा विनोदाचा विषय ठरेल. नोंदी अनुक्रमे लावताना तर खरी अडचण उभी राहते. संगणक युनिकोडमधील स्थानाप्रमाणे क्रम लावतो. त्यात ‘ळ’ ‘ल’च्या लगेच पुढे आहे, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. परिणामी ‘बळद’ हा शब्द ‘बहीण’च्या आधी जाऊन बसतो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली दाखल झाले आणि त्याला जागा मिळाली ती सर्व व्यंजनांच्या पुढे, त्यामुळे त्याने आरंभ होणारे शब्द ‘हौद’नंतर येतात. तोच ध्वनी ‘अ’ला चंद्र जोडूनही लिहिला जातो, आणि मग एकसारखे दिसणारे दोन शब्द कोशाच्या दोन टोकांना सापडतात. क्रम लावणे हे वेगळे काम आहे, ते मराठीचे नियम शिकविलेल्या वेगळ्या आज्ञावलीने करावे. मांडणीच्या कामात ते मिसळू नये.

अदृश्य चिन्हांची स्वच्छता हा आणखी एक मोह. संकेतस्थळांवरून किंवा जुन्या धारिणींतून आलेल्या मजकुरात शून्य-रुंदीची जोडचिन्हे असतात. ती कचरा समजून पुसून टाकणाऱ्या आज्ञावल्या पुष्कळ आहेत. मराठीत ‘दऱ्या’ हा शब्द कित्येक धारिणींत ‘र’, हलन्त, शून्य-रुंदीचा जोड आणि ‘या’ असा टंकलेला असतो. जोड पुसला की उरतो ‘दर्या’. डोंगरातील दऱ्यांचा समुद्र होतो! नुक्त्याचीही हीच कथा. दंततालव्य ‘ज’ दाखविण्यासाठी बोलीविज्ञान अक्षराखाली बिंदू देते. तो ‘ज’ एका संकेताने लिहिता येतो आणि दोन संकेतांनीही, दिसतो मात्र एकच. यांचे एकरूपीकरण हवेच, नाहीतर शोध घेताना निम्म्या नोंदी हाती लागणार नाहीत. पण ते जाणीवपूर्वक, एकदाच आणि लिखित नोंद ठेवून व्हावे. दरवेळी समास पाडताना चोरपावलांनी नव्हे.

ओव्या किंवा संभाषणे यांसारखा सलग पाठ असेल तर जेसनपेक्षा एक्सएमएल अधिक उचित, कारण तीत ओळीच्या मधल्या भागालाही खूण करता येते. १९८७ पासून विकसित होत आलेल्या टीईआय या पाठसंकेतन-प्रणालीचा आज आधारही तोच आहे. परंतु समास पाडणारी आज्ञावली येथे अधिक घातक ठरते. ‘करायलाव’ या क्रियारूपातील शेवटचा अंश वेगळा दाखविण्यासाठी संकलकाने लिहिले :

<ओळ>काम कराय<प्रत्यय>लाव</प्रत्यय></ओळ>

काही आज्ञावल्या प्रत्येक खूण नव्या ओळीवर नेतात. तसे झाले की ‘कराय’ आणि ‘लाव’ यांच्यामध्ये रिकामी जागा येते, आणि पुढे हा पाठ वाचणाऱ्या यंत्रणेला ते दोन शब्द वाटतात. जेसनमध्ये अवतरणाबाहेरील मोकळी जागा निरर्थक असते. एक्सएमएलमध्ये ती पाठाचा भाग असू शकते. म्हणून ओळीच्या आतील खुणांना हात न लावणारी आज्ञावलीच येथे चालते. छंदाच्या अभ्यासकाला तर हा फरक प्राणांतिक आहे, कारण ओवीतील तुटलेला शब्द अक्षरगणनेपेक्षा यतीचा भ्रम अधिक निर्माण करतो.

उरतो प्रश्न गावाच्या नावाचा. तो वरवर किरकोळ दिसतो. २०२३ मध्ये जिल्ह्याचे अधिकृत नाव धाराशिव झाले, तेव्हा जुन्या संग्रहातील ‘उस्मानाबाद’ सर्वत्र बदलून घ्यावे असे कोणालाही सुचेल, आणि हा बदल मांडणीच्याच आज्ञावलीत एका ओळीने करता येतो. तो करू नये. लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादेतून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या संकलनात ‘औसा, उस्मानाबाद जिल्हा’ असे लिहिलेले असणार. यांत्रिक बदलाने औसा धाराशिव जिल्ह्यात येईल, जेथे ते आज नाही. लोहारा तालुका १९९१ च्या जनगणनेत नाही, २००१ च्या जनगणनेत आहे. म्हणजे भूकंपाच्या वर्षी सास्तूरमध्ये टिपलेल्या शब्दापुढे उमरगा तालुका, उस्मानाबाद जिल्हा असेल आणि त्याच गावी आज टिपलेल्या शब्दापुढे लोहारा तालुका, धाराशिव जिल्हा. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. त्यासाठी ‘संकलनकाळचे ठिकाण’ आणि ‘आजचे ठिकाण’ अशी दोन अंगे ठेवावी लागतात, आणि सास्तूरसारख्या गावाला तिसरेही : शब्द सांगणाऱ्याने तो जुन्या गावठाणातला म्हणून सांगितला की नव्या वसाहतीतला. ‘बळद’ या शब्दापुढे हे तिसरे अंग रिकामे राहिले, तर आज्ञावली ते रिकामेच ठेवून नीट समास पाडून देईल. ते भरण्यासाठी पुन्हा त्या घरी जावे लागेल.